हळद, सातबारा आणि प्राप्तिकर

मार्च महिना कलला की हिंगोली जिल्ह्यात शेताशेतांतून हळद शिजवायचे कुकर सुरू होतात. काढलेला कंद शिजतो, उन्हात वाळतो, फिरत्या ड्रममध्ये घासून पॉलिश होतो. मग पोती हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात नाहीतर वसमतच्या बाजार समितीत बिटाला लागतात. भाव फुटतो, माप होतं, हमाली-तोलाई वजा होते आणि शेतकऱ्याच्या हातात एक कागद पडतो. या कागदाला इथे पट्टी म्हणतात. दहा महिने जमिनीत वाढलेल्या पिकाचा तोच एकमेव लेखी हिशोब. बरेच जण ती खिशात घालतात आणि धुण्यात घालवतात.

शेतातून बाजारापर्यंतच्या या प्रवासात केंद्राचा करकायदा हळदीला जागोजागी भेटतो. ओल्या हळदीवर जीएसटी नाही. तीच वाळली की 5 टक्क्यांच्या यादीत जाते. पण आपल्या रानात पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटीची नोंदणी करावी लागत नाही. त्यामुळे तो कर त्याच्या हातून जात नाही, पुढच्या व्यापाऱ्यापासून सुरू होतो. प्राप्तिकराचं गणित आणखी वेगळं. माल बाजारात नेण्याजोगा करण्यासाठी शेतकरी एरवी जे करतो, तेवढं केलं तर मिळालेली सगळी रक्कम शेतीचं उत्पन्न धरली जाते, आणि ती करमुक्त आहे. शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं यात बसतं. घरच्याच हळदीची पूड करून पुड्या विकल्या, तर अख्ख्या हळदीच्या बाजारभावाइतकी रक्कम शेतीची आणि त्यावरचा नफा धंद्याचा. रोखीचा नियम तिसरीकडेच. एका दिवसात एका माणसाकडून 2 लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली, तर तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि तो देणाऱ्या व्यापाऱ्याला नाही, घेणाऱ्या शेतकऱ्याला. उत्पन्न करमुक्त आहे म्हणून हा दंड टळत नाही. 2 लाखांच्या आत मात्र अडचण नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 3 नोव्हेंबर 2017 च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितलंय की, 2 लाखांपेक्षा कमी रकमेचा शेतमाल रोखीने विकणाऱ्या शेतकऱ्याला पॅन किंवा फॉर्म 60 द्यायची गरज नाही.

हे परिपत्रक 2017 चं आहे. तरीही शेतमालाचे पैसे रोख घेतले की इन्कम टॅक्सवाले येतात, ही धास्ती गावोगाव आहे.

या जिल्ह्यात प्राप्तिकर खरोखर भरावा लागतो अशी माणसं थोडी आहेत: नोकरदार, व्यापारी, डॉक्टर, कंत्राटदार. त्यांच्याकडे सल्लागार असतो. ज्यांना कर लागतच नाही त्यांच्याकडे कोणी नसतं. म्हणून या कायद्याची खरी झळ बसते ती काहीच देणं नसलेल्या माणसाला. ती कराच्या रूपाने बसत नाही. कापला गेलेला आणि कधीच परत न मागितलेला टीडीएस, न वाचलेली नोटीस, भीतीपोटी न केलेला साधा अर्ज, अशा रूपांनी ती बसते. हा अन्याय आहे, आणि तो कोणाच्या हिशोबात दिसत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सेतू केंद्रावर, बँकेच्या काउंटरपाशी, बसस्टँडसमोरच्या हॉटेलात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘रिटर्न भरलं की पीएम किसानचे दोन हजार बंद होतात.’ योजनेची अट तशी नाही. मागच्या कर-निर्धारण वर्षात ज्यांनी प्राप्तिकर भरला, त्यांचं कुटुंब अपात्र ठरतं. रिटर्न म्हणजे फक्त विवरण. शून्य कराचं विवरण दिल्याने कोणी करदाता होत नाही. मुख्यमंत्री लाडकी बहीण योजना 2024 मध्ये आली आणि ही भीती घराघरांत शिरली, कारण तिथेही कुटुंबात आयकरदाता नको आणि वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, अशा अटी आहेत. मुलाने कर्जासाठी रिटर्न भरलं म्हणून आईचे दीड हजार जातील, असं घरात बोललं जातं, आणि मुलगा रिटर्न भरत नाही.

याचा तोटा कसा होतो ते एका उदाहरणात बघू. जमिनीचा तुकडा विकून आलेले 15 लाख एका वृद्ध बाईंनी बँकेत ठेव म्हणून ठेवले. 7 टक्क्यांनी वर्षाचं व्याज 1 लाख 5 हजार. ज्येष्ठ नागरिकांसाठी टीडीएसची मर्यादा 1 लाखाची आहे. ती ओलांडली की बँक सगळ्या व्याजावर 10 टक्के, म्हणजे 10 हजार 500 रुपये कापते. पॅन दिलेला नसेल तर दुप्पट. या बाईंचं दुसरं करपात्र उत्पन्न नाही, त्यांना कर शून्य. वर्षाच्या सुरुवातीला फॉर्म 15एच भरून दिला असता तर एक रुपयाही कापला गेला नसता. आता परत मिळवायचा एकच रस्ता, रिटर्न. आणि रिटर्न भरायचं नाही, हे घरात आधीच ठरलेलं आहे. दहा हजार रुपये म्हणजे सोयाबीनच्या काढणीची मजुरी.

दुसरा समज याच्या उलट टोकाचा आहे. 12 लाखांपर्यंत कर माफ झाला, आता रिटर्नची कटकट मिटली, असं नोकरदार मंडळी म्हणतात. 2025-26 या वर्षासाठी नव्या कररचनेत मूळ सूट 4 लाखांची आहे. 12 लाखांपर्यंतचा कर शून्यावर येतो तो सवलतीमुळे. एकूण उत्पन्न 4 लाखांच्या वर गेलं की कर शून्य असला तरी विवरण द्यावंच लागतं. टप्पा ओलांडला की सगळ्या पगारावर वरचा दर लागतो, हा समजही तितकाच पक्का आणि तितकाच खोटा. वरचा दर फक्त टप्प्यावरच्या रकमेला लागतो.

आणि दिवाळीच्या तोंडावर हमखास निघणारा विषय, सोनं. लग्न झालेल्या बाईला 500 ग्रॅम, अविवाहित मुलीला 250, पुरुषाला 100 ग्रॅम, त्यापेक्षा जास्त ठेवलं तर सरकारजमा, असं सांगितलं जातं. हे आकडे 1994 च्या एका सूचनेतले आहेत, आणि ती सूचना छापा टाकणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आहे: एवढे दागिने सापडले तर जप्त करू नका. सोनं किती बाळगावं याला त्या सूचनेने मर्यादा घातलेली नाही. वारशाने आलेलं, हिशोबाच्या पैशातून किंवा शेतीच्या उत्पन्नातून घेतलेलं सोनं कितीही असू शकतं. नोटाबंदीनंतर 1 डिसेंबर 2016 ला सरकारने हे पुन्हा जाहीर केलं, तरी ती तीन आकड्यांची गोष्ट लग्नाच्या बैठकीत आजही तशीच सांगितली जाते.

समज इतके का टिकतात, याचं एक कारण कायद्याच्या आकारात आहे. 1961 चा प्राप्तिकर कायदा 298 कलमांचा होता. दरवर्षीच्या अर्थसंकल्पाने त्यात भर घातली, एकाच कलमाला अ, ब, क जोडत नेलं, आणि सरकारच्याच मोजणीनुसार तो 819 कलमांवर आणि 5 लाख 12 हजार शब्दांवर गेला. 21 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या नव्या प्राप्तिकर कायद्यात 536 कलमं आणि सुमारे 2 लाख 60 हजार शब्द आहेत. तो 1 एप्रिल 2026 पासून लागू होतो. आर्थिक वर्ष वेगळं आणि कर-निर्धारण वर्ष वेगळं, हा सामान्य माणसाला कधीच न उमगलेला घोळ त्यात मिटवून एकच ‘कर वर्ष’ ठेवलंय. हे चांगलं झालं. पण शब्द निम्मे झाले म्हणजे कायदा निम्मा सोपा झाला असं नाही. कर कशावर, किती आणि कोणाला सूट, हा गाभा फारसा बदललेला नाही.

अमेरिकेत हाच वाद वेगळ्या तऱ्हेने चालतो. तिथले राजकारणी संघीय करकायदा 70 हजार पानांचा आहे असं सांगत आले. तो आकडा एका खासगी प्रकाशनसंस्थेच्या संदर्भखंडांचा आहे. त्यात न्यायनिवाडे, टिपा, जुने नियम सगळं धरलेलं असतं. मूळ कायदा साधारण 2 हजार 600 पानांचा. 70 हजाराचा आकडा ऐकून माणूस कायदा उघडून बघायचंच सोडून देतो, हा त्याचा परिणाम. आपल्याकडेही ‘ते सीएलाच कळतं’ या वाक्याने तेच होतं. एक फरक मात्र मोठा आहे. अमेरिकेतला शेतकरी शेतीच्या नफ्यावर संघीय प्राप्तिकर भरतो, त्यासाठी विवरणाला वेगळं परिशिष्ट जोडतो. आपला भरत नाही.

का भरत नाही, याला इतिहास आहे. 1857 च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरायला जेम्स विल्सनने 1860 मध्ये हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला, तेव्हा शेतीचं उत्पन्नही त्यात होतं. 1886 च्या कायद्याने ते वगळलं, कारण जमीन महसूल आधीच घेतला जात होता. 1925 च्या कर चौकशी समितीने नोंदवलं की या सवलतीला ऐतिहासिक किंवा तात्त्विक आधार नाही, पण ती काढण्यात प्रशासकीय आणि राजकीय अडचणी आहेत. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला. केंद्राने काय घ्यायचं आणि प्रांतांना काय द्यायचं, या प्रश्नाची इतकी मूलभूत मांडणी त्याआधी क्वचितच झाली होती. 1935 च्या कायद्याने शेती उत्पन्नावरचा कर प्रांतांकडे दिला आणि राज्यघटनेने तीच वाटणी ठेवली: शेतीखेरीज इतर उत्पन्नावरचा कर केंद्राच्या सूचीत, शेतीच्या उत्पन्नावरचा राज्याच्या सूचीत. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. केंद्राचा प्राप्तिकर कायदा जुन्या हैदराबाद संस्थानाच्या मुलखात 1950 मध्ये आला. हिंगोली जिल्हा तर 1 मे 1999 चा.

त्यामुळे दिल्लीत कोणी शेतीवर कर लावायचं म्हटलं तरी केंद्राला तो अधिकारच नाही. त्यासाठी घटना बदलावी लागेल. एप्रिल 2017 मध्ये नीती आयोगाचे सदस्य बिबेक देबरॉय यांनी मोठ्या शेती उत्पन्नावर कर असावा असं म्हटलं, तेव्हा अर्थमंत्री अरुण जेटलींनी दुसऱ्याच दिवशी असा विचार नसल्याचं जाहीर केलं. दर दोन-चार वर्षांनी मोबाइलवर फिरणाऱ्या ‘आता शेतकऱ्यालाही टॅक्स’ या मेसेजमागे एवढंच असतं.

केंद्राने मात्र एक आडवाट काढलेली आहे आणि ती शिक्षकांना, ग्रामसेवकांना, बँक कर्मचाऱ्यांना माहीत असायला हवी. 1972 च्या के. एन. राज समितीच्या शिफारशीनंतर 1973 पासून, शेतीचं निव्वळ उत्पन्न 5 हजारांच्या वर आणि इतर उत्पन्न मूळ सुटीच्या वर असेल तर कराचा दर ठरवताना शेतीची रक्कम मिळवली जाते. समजा, सेनगाव तालुक्यातल्या एका शिक्षकाचं पगाराचं करपात्र उत्पन्न 13 लाख आणि घरच्या शेतीचं 3 लाख. नुसत्या पगारावर नव्या रचनेत कर 75 हजार. आता शेती मिळवून 16 लाखांवर कर काढायचा, तो येतो 1 लाख 20 हजार. मग मूळ सूट 4 लाख अधिक शेतीचे 3 लाख, अशा 7 लाखांवरचा कर काढायचा, 15 हजार. तो वजा केला की 1 लाख 5 हजार उरतात, पण करपात्र उत्पन्न 12 लाखांच्या वर 1 लाखच असल्याने सीमांत सवलतीमुळे देणं 1 लाखावर थांबतं. शेतीच्या उत्पन्नावर थेट कर नाही, पण ते असल्यामुळे पगारावरचा कर 25 हजारांनी आणि वर उपकराच्या 1 हजार रुपयांनी वाढला. अशा माणसाला साधा आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-2 भरावा लागतो. शेतीचं उत्पन्न 5 लाखांवर असेल तर त्यात जमीन कोणत्या जिल्ह्यात, पिनकोड काय, किती एकर, स्वतःची की ठोक्याने केलेली, बागायती की कोरडवाहू, हे सगळं लिहावं लागतं.

हे न दाखवणारे पुष्कळ आहेत, आणि नसलेली शेती दाखवणारेही. शहरातला काळा पैसा शेतीच्या नावाने पांढरा होतो, ही तक्रार खरी आहे. पण त्याची किंमत पुन्हा खऱ्या शेतकऱ्यालाच द्यावी लागते, कारण खात्याची शंकेची नजर सगळ्यांवर सारखी पडते.

ही नजर कशी पडते? गावातल्या माणसाने पाच एकर रान 40 लाखांना विकलं. 30 लाख आणि त्यावरच्या प्रत्येक खरेदीखताची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयातून प्राप्तिकर खात्याकडे जाते. बचत खात्यात वर्षात 10 लाख किंवा जास्त रोख भरली तर बँकही कळवते. खात्याच्या संगणकावर दिसतं ते असं: या पॅनवर 40 लाखांचा व्यवहार आहे आणि विवरण एकाही वर्षाचं नाही. जमीन गावाकडची असल्याने त्यावर कर लागत नाही, हे संगणकाला कळत नाही. मग विचारणा जाते ई-मेलवर. आता पॅनकार्ड काढलं होतं सेवा केंद्रावर. मोबाइल नंबर आणि ई-मेल केंद्रचालकाने स्वतःचा टाकलेला. नोटीस तिथे पोचते, पडून राहते. नंतरच्या नोटिसाही तिथेच. उत्तर आलं नाही म्हणून अधिकारी उपलब्ध माहितीवरून एकतर्फी निर्णय देतो आणि खुलासा नसलेली रक्कम म्हणून अख्खी रक्कम उत्पन्नात धरतो. नोटाबंदीनंतर, डिसेंबर 2016 मध्ये अशा रकमेवरचा दर 60 टक्के आणि त्यावर 25 टक्के अधिभार असा करण्यात आला; पुढे 2018 मध्ये उपकर 4 टक्के झाला. बेरीज 78 टक्के झाली. 40 लाखांवर 31 लाख 20 हजार, वर व्याज आणि दंड वेगळा. बँक खातं गोठतं तेव्हा माणसाला पहिल्यांदा कळतं.

नोटाबंदीच्या वेळी घरातली रोकड बँकेत भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या वाट्याला देशभर हे आलं. कायद्यात त्यांची बाजू भक्कम असते, अपिलात अनेकदा टिकतेही. पण अपील म्हणजे ऑनलाइन अर्ज, वकील, मुदत, आणि पुढे गेलं तर पुण्याचं प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरण. हिंगोलीच्या माणसाला वाद जिंकण्याचा खर्चसुद्धा परवडत नाही.

आणि तिथे उपयोगी काय पडतं? सातबारा आणि आठ-अ जमीन दाखवतात, उत्पन्न दाखवत नाहीत. सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी आली, ती शेतकऱ्याने मोबाइलवरून स्वतः करायची असते. आणि सगळ्यात वजनदार पुरावा म्हणजे ती पट्टी. अडत्याचं नाव, तारीख, वजन, भाव, रक्कम, सगळं एका कागदावर. कुकरचं भाडं, बेण्याची पावती, खताचं बिल जोडीला असेल तर बहुतेक वाद तिथेच संपतो. पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला पैसे पडत नाहीत. पॅनला स्वतःचा नंबर आणि घरातल्या कोणाचा तरी ई-मेल जोडून घेणं, हेही एका बैठकीचं काम आहे.

पगारदारांच्या बाबतीत गंडवणूक वेगळीच चालते. ‘सगळा टीडीएस परत आणून देतो, रिफंडच्या दहा टक्के द्या’ म्हणणारे एजंट शाळा-कचेऱ्यांत फिरतात. न दिलेली राजकीय पक्षाची देणगी, न काढलेला विमा, न घेतलेलं शैक्षणिक कर्ज दाखवून रिफंड येतो. पैसे खात्यात आले म्हणजे खात्याने मान्य केलं, हा यातला घातक समज. रिफंडनंतरही तपासणी होते. 14 जुलै 2025 ला प्राप्तिकर खात्याने अशा टोळ्यांविरुद्ध देशात दीडशे ठिकाणी कारवाई केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40 हजार करदात्यांनी 1 हजार 45 कोटींचे खोटे दावे मागे घेतल्याचं खात्याने सांगितलं. सही शिक्षकाची असते, जबाबदारीही त्याचीच. एजंटाचा फोन तेव्हा लागत नाही.

कायदा वाचूनही गोंधळ उरतो, हे मात्र मान्य करायला हवं. त्याचं उत्तम उदाहरण पुन्हा हळदच. शेतमालाच्या अडतीवर जीएसटी नाही. मग शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली हळद शेतमाल आहे का? सांगलीच्या एका अडत्याने महाराष्ट्राच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाला हे विचारलं. डिसेंबर 2021 मध्ये उत्तर आलं: नाही. प्रक्रिया झाल्याने ती शेतमाल राहत नाही, अडतीवर कर द्यावा लागेल. सांगलीपासून वसमतपर्यंत खळबळ उडाली. अपिलात हा निर्णय फिरला. शेतकरी नेहमी करतो तीच प्रक्रिया आहे, मालाचा मूळ गुण बदलत नाही, म्हणून हळद शेतमालच, असं अपिलीय प्राधिकरणाने म्हटलं. दोन्ही वेळा पुढ्यात व्याख्या तीच होती, अधिसूचनेतलं वाक्य तेच होतं. आणि असा निर्णय कायद्याने फक्त अर्ज करणाऱ्यावर आणि त्याच्या क्षेत्रातल्या अधिकाऱ्यावर बंधनकारक असतो. हिंगोलीच्या अडत्याला तो दाखला म्हणून दाखवता येतो, हक्क म्हणून नाही. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, वसमतला हळद संशोधन केंद्र उभं राहतंय. ज्या पिकावर जिल्ह्याचं अर्थकारण चालतं, ते शेतमाल आहे की नाही एवढं तरी अधिसूचनेत नाव घेऊन लिहायला हवं होतं.

शेतकरी उत्पादक कंपन्यांचीही अशीच अडचण आहे. सभासद शेतकरी, माल शेतीचा, म्हणून कंपनीला कर नाही, असं संचालकांनाही वाटत असतं. कंपनीने सभासदांकडून हळद घेऊन पूड करून विकली तर तो धंदा. कंपनीला मिळालेली सवलत ठरावीक वर्षांपुरती होती. नफा नसला तरी विवरण दरवर्षी द्यावं लागतं, नाहीतर दंड साचत जातो.

‘शेतकरी कर भरत नाही’ हा शहरातला समज तर सगळ्यात मोठा. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला, त्याच्या टायर आणि सुट्या भागांवरचा 18 वरून 5 वर, ठिबकचा 12 वरून 5 वर. ही घट चांगली आहे. पण तोवरचा कर कोणी भरला? रासायनिक कीटकनाशकांवर अजूनही 18 टक्के आहे. व्यापारी खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून वळता करून घेतो. शेतकरी नोंदणीच्या बाहेर असल्याने त्याला ते करता येत नाही. फवारणीच्या प्रत्येक डब्यावरचा कर त्याच्याच खर्चात मुरतो.

शेवटी जमिनीविषयी, कारण येत्या काही वर्षांत या जिल्ह्यातले मोठे व्यवहार जमिनीचेच असणार. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाची आखणी जिल्ह्यातून जाते, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेचं काम आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याखालच्या मोबदल्यावर प्राप्तिकर नाही, हे कर मंडळाने 25 ऑक्टोबर 2016 ला स्पष्ट केलं. कोर्टातून वाढीव मोबदला मिळाला की त्यावरच्या व्याजाचं प्रकरण वेगळं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये अशा व्याजातला काही भाग मोबदलाच मानला. त्याच वर्षी कायदा बदलून व्याज मिळालेल्या वर्षात करपात्र केलं आणि त्यातली निम्मी रक्कम वजा करू दिली. वाद अजून चालू आहेत. मोबदल्याच्या धनादेशासोबत मुद्दल किती आणि व्याज किती, याचा वेगळा तक्ता मागून घेतला नाही, तर पुढे सगळं व्याजातच मोजलं जायची भीती असते.

खासगी विक्रीचा नियम शहरापासूनच्या अंतरावर आहे. नगरपालिकेची लोकसंख्या 10 हजार ते 1 लाख असेल तर हद्दीपासून 2 किलोमीटरच्या आतली शेतजमीन विकल्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो. 1 ते 10 लाख लोकसंख्येला ही मर्यादा 6 किलोमीटर आहे, त्यापुढे 8. अंतर रस्त्याने नाही, हवाई मोजायचं. या पट्ट्याबाहेरच्या शेतजमिनीला कर नाही. 2011 च्या जनगणनेत हिंगोली शहराची लोकसंख्या 85 हजार 103 होती. म्हणजे आज रेषा 2 किलोमीटरवर आहे, आणि तीन-चार किलोमीटरवरची रानं करातून मुक्त आहेत. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख 1 मार्च 2027 आहे. त्यात शहर 1 लाखावर गेलं, तर आकडे प्रसिद्ध झाल्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षापासून रेषा 6 किलोमीटरवर सरकते. सातबारा तोच राहील, पीक तेच राहील, पण त्या वर्षी खरेदीखत झालं तर कर लागेल.

तो टाळायचा सरळ मार्गही कायद्यात आहे. विक्रीआधी दोन वर्षं स्वतः किंवा आई-वडिलांनी तिथे शेती केलेली असेल आणि दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर नफ्यावर सूट मिळते. रिटर्नच्या मुदतीपर्यंत जमीन मिळाली नाही तर पैसे बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवावे लागतात, साध्या बचत खात्यात ठेवलेले चालत नाहीत. जमीन 1 एप्रिल 2001 च्या आधीची असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरता येतो. तो मूल्यांकनाचा दाखला आणि हद्दीपासूनच्या हवाई अंतराचा दाखला, दोन्ही खरेदीखताच्या आधी काढून ठेवायचे असतात.